जीवनवृत्त : डॉक्टरांचा स्वतःचा केसपेपर

रुग्णालयांच्या निवड समितीवर बसण्याचा योग मला अनेकदा आला. रुग्णाची हकिगत काटेकोरपणे लिहिणारे आपले तरुण डॉक्टर स्वतःची हकिगत लिहिताना गोंधळतात, असे तेथे सतत जाणवले. काहींचे जीवनवृत्त वधूवर सूचक मंडळात द्यावयाच्या टिपणासारखे असते. वडिलांचा हुद्दा, उंची, छंद सारे त्यात सापडते. उमेदवाराला काय काम येते, तेवढे मात्र शोधावे लागते.

वास्तविक दोन पाने पुरेशी आहेत. आरंभी नाव, संपर्क, पदव्या व त्यांची वर्षे आणि राज्य वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. बेळगावहून कोल्हापूर किंवा गोव्याकडे अर्ज करणाऱ्यांनी नोंदणी कोणत्या राज्याची व तिची मुदत कधीपर्यंत, हे आवर्जून लिहावे. महाराष्ट्रात तर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यानंतर सध्याच्या कामापासून मागे जात अनुभव मांडावा. बाळंतपण, आजारपण वा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी यांमुळे खंड पडला असल्यास तो एका ओळीत सांगावा. यात संकोच कसला? न सांगितलेला खंड मात्र शंका निर्माण करतो.

पदव्यांबाबतही तारतम्य हवे. वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेने नावापुढे काय लावावे, यावर मर्यादा घातली आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र पदवीच्या ओळीत न बसविता ‘प्रशिक्षण’ या शीर्षकाखाली द्यावे.

सर्वांत नाजूक भाग शस्त्रक्रियांच्या अनुभवाचा. ‘शंभर सिझेरियनचा अनुभव’ या शब्दांतून काहीच कळत नाही. किती पाहिल्या, किती वेळा साहाय्य केले, किती वरिष्ठांच्या देखरेखीखाली केल्या आणि किती स्वतंत्रपणे, हे चार आकडे वेगळे द्यावेत व ते लॉगबुकशी जुळावेत. कारण तो आकडा वाचूनच तालुक्याच्या रुग्णालयात मध्यरात्री कोणाला एकट्याने थिएटरमध्ये उभे करायचे, हे ठरते. फुगविलेल्या आकड्याची किंमत अर्जदार नव्हे, टेबलावरील माता मोजते.

‘स्वतंत्रपणे चार’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या उमेदवाराची निवड मी आनंदाने केली आहे. पहिले काही महिने त्याच्यासोबत वरिष्ठ द्यावा लागेल, हे आम्हांला त्या एका ओळीवरून आधीच समजलेले असते.