हत्यार मिळाले, कौशल्याचे काय?

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतील एखाद्या तरुणाने छायाचित्र-संपादन शिकावयाचे ठरविले, की पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. १९९० साली बाजारात आलेल्या ‘फोटोशॉप’च्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून केवळ वर्गणीवर मिळू लागल्या, हप्ता थांबला की हत्यारही थांबते. साहजिकच नवशिका चोरीच्या प्रतीकडे वळतो. वस्तुतः त्याची गरज नाही. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये आरंभिलेले ‘गिम्प’ विनामूल्य आहे. मूळ चित्र अबाधित ठेवणे, प्रत्येक बदल स्वतंत्र थरावर करणे, उजेड व रंग तोलणे, हे सारे प्राथमिक धडे त्यावर गिरविता येतात.

तथापि भांडवलाचा अडसर दूर झाला म्हणजे कौशल्य आले, असे नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. आजोबांचा डागाळलेला फोटो स्वच्छ करताना नवशिका जे शिकेल, ते आदेशांची यादी घोकून शिकणार नाही. कोणता डाग पुसावा आणि कोणती सुरकुती राखावी, हे ठरवितानाच त्याची दृष्टी तयार होते. वर्ग सुटल्यावर महाविद्यालयांतील संगणक तासभर अशा कामासाठी खुले राहिले, तरी पुष्कळ साधेल.