विश्लेषण : इटलीच्या ‘बेरेटा’चा धडा पुण्याच्या ‘अस्मी’ला का महत्त्वाचा?

लष्कराच्या उत्तर कमांडने २०२४ मध्ये ५५० ‘अस्मी’ मशीन पिस्तुले घेतली. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्था (एआरडीई) आणि महूचे इन्फंट्री स्कूल यांनी मिळून हे शस्त्र विकसित केले आहे. उत्तम बंदूक घडवणे आणि ती हव्या तितक्या संख्येने, परवडेल अशा किमतीत घडवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीला हा फरक कळला, तो याच प्रकारच्या शस्त्रामुळे.

सबमशीन गन म्हणजे काय?

रायफलची नव्हे, तर पिस्तुलाची काडतुसे एकामागोमाग झाडणारी आटोपशीर स्वयंचलित बंदूक म्हणजे सबमशीन गन. त्या काळातील बहुतेक सबमशीन गन ‘ब्लोबॅक’ तत्त्वावर चालत. गोळी पुढे सुटते तेव्हा वायूचा दाब रिकाम्या पुंगळीसह जड बोल्टला मागे ढकलतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते. पुढे येताना बोल्ट नवे काडतूस नळीत सरकवतो. पिस्तुलाच्या काडतुसाची ताकद कमी असल्याने गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. मात्र मारा जवळचाच असतो. खंदक, घरे, गल्ल्या आणि दाट झाडी येथे ती उपयोगी पडते.

इटलीचे योगदान कोणते?

पिस्तुलाची काडतुसे झाडणारी ‘विलार पेरोसा’ ही दुनळी स्वयंचलित बंदूक इटलीने १९१५ मध्येच वापरात आणली. पुढे तुल्लिओ मारेंगोनी या अभियंत्याने बेरेटा कंपनीसाठी ‘मॉडेल ३८’ घडवली. लाकडी दस्ता, नळीभोवती छिद्रांचे आवरण आणि दोन चाप ही तिची ओळख. पुढचा चाप ओढला की एक गोळी सुटे, मागचा ओढला की गोळ्यांची सरबत्ती. वजन चार किलोहून अधिक असल्याने ती हातात स्थिर राही आणि नेम चांगला साधे.

मग अडचण कुठे आली?

तिचे सुटे भाग यंत्रावर कोरून काढावे लागत. त्यात वेळ, पोलाद आणि कुशल कामगार खर्ची पडत. ब्रिटनने तोवर पत्रा आणि नळकांडी जोडून ‘स्टेन’ ही स्वस्त गन लाखोंच्या संख्येने काढायला सुरुवात केली होती. मग बेरेटाने ‘३८/४२’ आणली. नळी ३१५ मिलिमीटरवरून सुमारे २१३ मिलिमीटरवर आली, छिद्रांचे आवरण गेले आणि मुख्य भागासाठी ठोकळ्याऐवजी दाबून आकार दिलेला पत्रा आला. दोन चाप मात्र राहिले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रसंधी केल्यानंतर उत्तर इटलीतील हा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला, तरी उत्पादन थांबले नाही.

मराठी जवानांचा या युद्धाशी संबंध काय?

इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढल्या. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी अप्पर टायबर खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली. त्यांच्या हाती टॉमी गन, म्हणजे अमेरिकी सबमशीन गनच होती. मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने त्यांनी नळी धरून बंदुकीचेच प्रहार केले. ठाणे जिंकले, पण घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

‘अस्मी’मध्ये वेगळे काय?

लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकाराने चार महिन्यांत विकसित झालेले हे शस्त्र जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. ते सैन्यात आधीपासून वापरात असलेली ९ मिलिमीटरची काडतुसे झाडते. वरचा भाग विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन फायबरचा आहे. चापाचे भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने तयार केले गेले. उत्पादन खर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील, असे तेव्हा सांगण्यात आले. उत्पादन हैदराबादच्या लोकेश मशीन्सकडे आहे.

पुढची कसोटी कोणती?

अंगावरची चिलखते सुधारल्याने ९ मिलिमीटरच्या गोळीला मर्यादा आल्या आहेत. लष्कराची सव्वाचार लाख कार्बाइनची मोठी खरेदीही ५.५६ मिलिमीटरच्या, म्हणजे रायफलच्या काडतुसांसाठी आहे. त्यापुढे ५५० हा आकडा लहान दिसतो. दहशतवादविरोधी कारवाया, वाहनांतील दले आणि अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची सुरक्षा यांसाठी आटोपशीर शस्त्र लागणारच आहे. पण तिथेही प्रश्न तोच, जो बेरेटापुढे होता. प्रयोगशाळेत चार महिन्यांत उभे राहिलेले शस्त्र कारखान्यात तितक्याच झपाट्याने, त्याच दर्जाने आणि ठरल्या किमतीत निघाले, तरच ते जवानाच्या हाती वेळेवर पोहोचेल.