मिक्सर असताना कॉफीसाठी वेगळा ग्राइंडर कशाला?

स्वयंपाकघरातल्या यंत्रांविषयीच्या आपल्या गप्पांमध्ये आज विषय आहे कॉफी ग्राइंडर. विजेवर चालणारा, घरगुती.

मला नेहमी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला : घरात ७५० वॉटचा दणदणीत मिक्सर असताना हे आणखी एक यंत्र कशाला? दुसरा : घ्यायचाच, तर दीड हजाराचा घ्यायचा की पंधरा हजाराचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पंधरा हजार ही काही वाऱ्यावर सोडायची रक्कम नव्हे. म्हणून आज कोणी हा खर्च करावा आणि कोणी करू नये, दोन्ही सांगते. मी मैसूरला राहते, आमच्याकडे रोज दोन वेळा कॉफी होते, आणि गेली सहा वर्षं एकच ग्राइंडर वापरते. माझं म्हणणं त्या अनुभवातून आलेलं आहे.

आधी मुळाशी जाऊ. बिया घरी दळायच्याच कशासाठी?

कॉफीचा वास म्हणजे भाजलेल्या बीच्या आत अडकलेली, सहज उडून जाणारी द्रव्यं. बी अख्खी असते तोवर ती बऱ्यापैकी टिकून राहतात. पूड केली की हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. समजा, सहा मिलिमीटरचा एक चौकोनी ठोकळा आहे. त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग बारा पट होतो. म्हणजे वास उडायला बारा पट वाट मिळाली, आणि हवेतल्या प्राणवायूलाही आत शिरायला तेवढीच. अख्ख्या बिया घट्ट डब्यात भाजल्यापासून महिनाभर चांगल्या राहतात. पुडीचा उत्तम काळ मात्र फार थोडा असतो. डबा उघडल्यावर घरभर वास सुटतो ना, तो कपात यायचा होता, एवढं लक्षात ठेवा.

कोयता आणि जातं

आता मिक्सर. मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. ते दळत नाही, हाणतं. जी बी पात्यासमोर आली ती पुन्हा पुन्हा चिरली जाते आणि तिचा मैदा होतो. जी कडेला उडाली तिचा नुसता तुकडा पडतो. दीड-दोन हजारांत मिळणारे बहुतेक छोटे कॉफी ग्राइंडर याच जातीचे असतात : तळाशी पातं, वर झाकण, झाकण दाबलं की सुरू.

दुसरी जात म्हणजे बर ग्राइंडर. यात दोन दातेरी चकत्या असतात, एक स्थिर, एक फिरती. बी त्यांच्या मधल्या फटीत जाते, भरडली जाते, आणि फटीएवढी बारीक झाली की खाली पडते. फट आपण कमीजास्त करतो. मराठी माणसाला हे समजवायची गरजच नाही. आपलं जातं हेच करतं, गिरणी हेच करते. गिरणीत आपण ‘जरा जाडसर दळा हो, भाजणीचं आहे’ म्हणतो, तेव्हा गिरणीवाला दोन दगडांमधलं अंतरच तर बदलतो.

एकसारख्या दाण्याला एवढं महत्त्व का? गरम पाणी पुडीतून एकेक द्रव्य ओढून घेतं. आधी आंबट चवीची, मग गोडसर, शेवटी कडू आणि तुरट. बारीक कणातून हे सगळं झटकन निघतं, जाड कणातून सावकाश. मिक्सरच्या पुडीत मैदा आणि खडे एकत्र असतात. त्यामुळे एकाच कपात मैद्याचा कडूपणा आणि खड्यांचा कच्चा आंबटपणा दोन्ही उतरतात. बिया कितीही महागाच्या असोत, ही गल्लत दुरुस्त होत नाही. शिरा करताना निम्मा रवा जाड आणि निम्मा मैदा घेतला तर काय होईल, तसंच हे.

पाहायचं असेल तर मिक्सरमधून काढलेली मूठभर पूड पीठ चाळायच्या चाळणीतून चाळा. वर काय राहतं आणि खाली काय पडतं, ते दिसलं की उरलेलं सांगायला नको.

कोणी घेऊ नये

तुम्ही चेन्नई, बेंगळुरू, मैसूर, कुंभकोणम अशा गावात राहता, कोपऱ्यावर कॉफी दळून देणारं दुकान आहे, आणि घरी चिकोरी घातलेली, भरपूर दुधाची फिल्टर कॉफी होते. मग दर आठवड्याला पाव किलो ताजी पूड आणा. दुकानातलं यंत्र बरचंच असतं, तुमच्या घरच्यापेक्षा किती तरी मोठं. दूध आणि चिकोरी बारीकसारीक फरक झाकून टाकतात. तुमचे पंधरा हजार वाचले. चिकोरीबद्दल एकच सांगते : आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. ते वाचून घ्या.

मात्र तुम्ही इंदूर, बडोदे, नागपूर, भोपाळ अशा ठिकाणी असाल, जवळ ताजी दळून देणारं दुकान नसेल, आणि पूड कुरियरने मागवत असाल, तर ग्राइंडरचा खरा फायदा तुम्हाला. बिया प्रवासात टिकतात, पूड तेवढी टिकत नाही. तसंच जे काळी कॉफी पितात त्यांचं. दुधाचं पांघरूण नसल्यामुळे दळणातला दोष थेट जिभेवर येतो.

बिया तर आपल्याच देशात उत्तम पिकतात. चिकमगळूर, कोडगू, वायनाड, आंध्रातलं अराकू. २०१९ मध्ये कोडगू, चिकमगळूर, अराकू आणि बाबाबुडनगिरी इथल्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. एका डोंगराची कॉफी दुसऱ्या डोंगरापेक्षा वेगळी लागते, हे कपात कळायचं असेल तर ताजं आणि एकसारखं दळण लागतं.

घेताना काय पाहावं

वॉट पाहू नका. मिक्सरची सवय असल्यामुळे आपण जास्त वॉट म्हणजे चांगलं असं धरतो. घरगुती बर ग्राइंडर दीडशे वॉटच्या आसपासही छान काम करतात, कारण ते सावकाश दळतात. इन्व्हर्टरवरही चालतात, हा वरचा फायदा.

पाहायचं ते हे. चकत्या पोलादी आहेत की सिरॅमिक, आणि त्या सुट्या मिळतात का. दाणा बदलायचे टप्पे किती. उघडून साफ करता येतो का. एका दमात किती मिनिटं चालवायची परवानगी आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुरुस्ती कुठे होते. माझ्या ग्राइंडरचा एक दहा रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा तुटला, तो मिळायला सात आठवडे लागले. सात आठवडे मैसूरसारख्या गावात! तेव्हापासून मी आधी सुट्या भागांचं विचारते, मग किंमत.

परदेशातून कोणी आणून देत असेल तर व्होल्टेज तपासा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपली वीज २३० व्होल्टची. थेट लावलंत तर मोटर जळेल. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि वॉरंटी इथे बहुधा चालत नाही.

एस्प्रेसो मशीन घेणाऱ्यांनी आणखी जपावं. एस्प्रेसोला अतिशय बारीक आणि केसभर फरकाने बदलता येणारं दळण लागतं. साधे बर ग्राइंडर तिथे अपुरे पडतात. म्हणून मशीनवर सगळे पैसे घालून ग्राइंडरसाठी काहीच न उरवणं, हे व्यवहाराला धरून नाही. उलट करा, ग्राइंडर आधी ठरवा.

बजेट पाच हजारांपर्यंत असेल तर विजेचा हट्ट सोडा. त्या किमतीत हाताने फिरवायचा बर ग्राइंडर विजेच्या पात्याच्या ग्राइंडरपेक्षा कैक पटींनी चांगली पूड देतो. एक-दोन कपांना मिनिटभराची मेहनत. सहा माणसांचं घर असेल तर मात्र हात भरून येतील.

रोजचा संसार

यंत्र घरी आलं, आता दाणा ठरवायचा. फ्रेंच प्रेसला जाड रव्यासारखा. गाळणकागदावरून पाणी ओतून करायच्या कॉफीला मध्यम. मोका पॉटला बारीक रव्यासारखा. आपल्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक, पण बोटाला कण जाणवलेच पाहिजेत. एस्प्रेसोला त्याहून बारीक. फिल्टरचा डिकॉक्शन रात्रभर ठेवूनही खाली उतरत नसेल, तर दळण फार बारीक आहे. पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आणि रंग फिका, तर फार जाड. एका वेळी एकच टप्पा बदला आणि चव घ्या.

दळण बारीक करताना मोटर चालू ठेवून बदला. बंद यंत्रात चकत्यांमध्ये बिया अडकलेल्या असतात, जोर लावला तर दाते किंवा स्क्रू दुखावतात. आणि टप्पा बदलल्यावर आधीची थोडी पूड आत राहिलेली असते, ती पहिल्या कपात येते. दोन-तीन बिया दळून टाकून द्या.

चिकोरी ग्राइंडरमध्ये घालू नका. ती ओल धरते आणि चिकटते. पूड झाल्यावर वरून मिसळा. मिरी, वेलची, जायफळ तर मुळीच नको. पाहुण्यांसाठी एकदा वेलची दळलीत, तर पुढचे कित्येक दिवस कॉफीला खिरीचा वास येईल.

बऱ्याच जणी साफसफाईसाठी कच्चे तांदूळ फिरवतात, मिक्सरमध्ये करतो तसं. इथे ते करू नये. तांदळाचा दाणा कॉफीच्या बीपेक्षा कठीण, छोट्या मोटरवर ताण येतो. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा, महिन्यातून एकदा चकत्या काढून ब्रश फिरवा. पोलादी चकत्यांना पाणी नको, गंज धरतो. काळपट, तेलकट भाजलेल्या बिया वापरत असाल तर साफसफाई जास्त वेळा, कारण ते तेल आत खवट होतं.

बियांमध्ये कधी तरी खडा निघतो. माझ्याकडे दोनदा निघाला. आवाज अचानक बदलला, कर्कश झाला किंवा अडखळला, की ताबडतोब बटण बंद, प्लग काढायचा, मग उघडायचं. बिया मोजून घेताना ताटलीत पसरून एक नजर टाकली तर ही वेळच येत नाही. आमच्या सासूबाई तांदूळ निवडाव्यात तशा त्या निवडतात, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

हवेचंही बघावं लागतं. दिल्ली-भोपाळच्या कोरड्या थंडीत पूड डब्याला, झाकणाला, ओट्याला चिकटते. ही स्थिर वीज. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक-दोन थेंबांचा शिडकावा करून ढवळा. ओल्या करायच्या नाहीत, नुसत्या दमट. २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी या घरगुती युक्तीमागचं शास्त्र तपासून ती खरी असल्याचं दाखवलं. कोकण-गोव्यातल्या पावसाळ्यात हे करायचं कारण नाही. तिथे उलट बिया यंत्राच्या वरच्या भांड्यात भरून ठेवू नका, रोजच्यापुरत्या घाला. फ्रिजमध्ये ठेवून रोज डबा बाहेर काढणंही नको, गार बियांवर बाष्प धरतं.

राहिला आवाज. तो येणारच. आमच्या फ्लॅटची भिंत शेजारच्या काकूंच्या निजायच्या खोलीला लागून आहे, म्हणून ग्राइंडरखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घातला आणि जागा बदलली. सकाळी सहाची पूड रात्री नऊला दळून ठेवली तरी आभाळ कोसळत नाही. एका रात्रीने जेवढं उडतं, त्यापेक्षा शेजारधर्म मोठा.

आणि यातलं काहीच घ्यायचं नसेल, तर मिक्सरचं छोटं भांडं घ्या. बिया थोड्याच घाला. एक-एक सेकंदाचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, मोटर गरम होऊ देऊ नका. मग चाळा, वरचे खडे पुन्हा फिरवा. महिनाभर असं करून पाहा. चव आवडली, पण चाळणीचा कंटाळा आला, तर ग्राइंडरचे पैसे तुमच्या घरात वसूल होतील. कंटाळा आला नाही, तर ते पैसे चांगल्या बियांवर घाला.

पुढच्या भागात फिल्टरबद्दल बोलू, पितळी की स्टीलचा. तोवर नमस्कार.