संत योसेफाचे दोन सण

मे महिन्याची पहिली तारीख जालन्याच्या माणसाला अनेक अर्थांनी आपली वाटते. तो कामगार दिन आहे. 1960 साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि 1981 साली याच दिवशी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणखी एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कॅथलिक पंचांगात 1 मे हा कामकरी संत योसेफाचा सण आहे. पोप बारावे पायस यांनी 1955 साली तो कामगार दिनाशी जाणूनबुजून जोडून दिला.

योसेफ हा सुतार. येशूला लहानाचा मोठा करणारा. त्याचा जुना सण 19 मार्चला येतो. कॅथलिक माणूस चांगले मरण यावे म्हणून योसेफाचीच प्रार्थना करतो. मरतेसमयी मरिया आणि येशू त्याच्या उशाशी होते, अशी परंपरा आहे. म्हणजे हातातले काम आणि म्हातारपणाचा शेवट, ही दोन्ही खाती एकाच संताकडे आहेत. ती एकाकडे का असावीत, हे आज थोडे समजून घ्यावयाचे आहे.

जालन्यात ख्रिस्ती म्हटले की पुष्कळांना नारायण शेषाद्रींनी वसविलेले बेथेल आठवते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिकांची व्यवस्था वेगळी. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 साली झाला आणि जालना जिल्हा त्यात मोडतो. खेड्यापाड्यांतून राहणाऱ्या कुटुंबांना मिस्सेसाठी एस. टी. गाठावी लागते, नाही तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावे लागते. ज्याचे गुडघे गेले, त्याचे देऊळ साहजिकच घरात येते.

घरातली उपासना म्हणजे मुख्यतः संध्याकाळची जपमाळ. दहा दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक मण्याला मरियेची एक प्रार्थना. ही प्रार्थना दोन तुकड्यांची असते. पहिला तुकडा एकाने म्हणावयाचा आणि उरलेला बाकीच्यांनी. बहुधा घरातली म्हातारी पहिला तुकडा म्हणते, आणि सून-नातवंडे तिला साथ देतात. दिवसभर खाटेवर बसून कंटाळलेली बाई या वीस मिनिटांत घराची पुढारी असते. एकट्यानेही माळ म्हणता येते. पण तिची घडण मुळात एकमेकांना उत्तर देण्याची आहे.

चर्चने म्हाताऱ्या माणसासाठी नियम किती सैल केले आहेत, हे खुद्द कॅथलिक घरांतही नीट माहीत नसते. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवसांच्या उपवासाचे बंधन साठावे वर्ष लागले की सुटते. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी तासभर काही खाऊ नये, हा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही. त्याच कलमात आणखी एक सूट आहे: त्यांची सेवा करणाऱ्यांनाही तो लागू नाही. सासूला भरवून स्वतः दोन घास खाल्लेल्या सुनेचा विचार कायदा करणाराने केला, ही लहान गोष्ट नव्हे. 1973 पासून नेमून दिलेली सामान्य माणसेदेखील आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेऊ शकतात. दर वेळी फादरांनीच यावे असे राहिलेले नाही.

सर्वांत मोठा गैरसमज तैलाभ्यंगाविषयी आहे. पूर्वी याला अखेरचा अभ्यंग म्हणत. त्यामुळे फादर तेल घेऊन उंबऱ्यात आले की म्हाताऱ्याला वाटे, आपले भरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी पोहोचलेल्यांसाठी नाही. त्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणेच अधिक योग्य. आजाराने किंवा वार्धक्याने प्रकृती धोक्याकडे झुकू लागली की तो घेता येतो, आणि पुन्हा आजार उलटला तर पुन्हा घेता येतो. तरी अजून घरचे लोक बोलवायला भितात, आणि बोलावतात तेव्हा रोग्याची शुद्ध गेलेली असते. शुद्धीवर असताना बोलवावे, म्हणजे त्याला चार शब्द बोलता येतात, कोणाशी अबोला असेल तर तो मोडता येतो.

येथवर धर्माने आपले काम केले आहे. पण माळेचा दुसरा तुकडा म्हणायला संध्याकाळी घरात माणूस पाहिजे. येथे आम्हा कामगार चळवळीच्या लोकांचा संबंध येतो.

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान मुले बरोबर, म्हातारी माणसे गावात. नाताळ येतो तो त्यांच्या गैरहजेरीतच. गावात उरलेली आजी माळेचे दोन्ही तुकडे स्वतःच म्हणते. शहरात लोखंडाच्या गिरण्यांत पाळ्या चालतात. बाप रात्रपाळीला निघतो ती वेळ आणि माळेची वेळ एकच. आणि निवृत्तिवेतन? त्यास दहा वर्षांची नोंदलेली नोकरी लागते. ठेकेदार बदलला की नोंद तुटते, आणि नोंदच नसेल तर माणूस भट्टीपुढे आयुष्य घालवूनही रिकाम्या हाताने घरी बसतो. ज्यांना मिळते त्यांच्यासाठी 2014 साली किमान आकडा ठरला तो महिना 1,000 रुपये. एवढ्यात औषध येईल की एस. टी.चे भाडे?

पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली कामगारांवर विश्वपत्र काढले. त्यात त्यांनी कामगारांच्या संघटनांना आजार आणि म्हातारपण यांसाठी निधी राखण्यास सांगितले. दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली, म्हणजे जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, म्हातारपणीचे वेतन हा कामगाराचा हक्क आहे असे लिहिले. दयेचा शब्द त्यांनी वापरला नाही, हक्काचा वापरला.

आम्ही सभांतून मजुरी, पाळी आणि निधी यांबद्दल बोलतो तेव्हा काही भाविक म्हणतात, हा पोटाचा विषय. याचा देवाशी काय संबंध? संबंध सरळ आहे. योसेफाला चांगले मरण आले असे म्हणतात, कारण त्याची माणसे जवळ होती. आपल्या म्हाताऱ्यांजवळ त्यांची माणसे असावीत, एवढ्यासाठी मजुरी पुरेशी हवी, पाळी माणसाला सोसेल अशी हवी आणि नोकरीची नोंद पक्की हवी. हे झाल्यावर मग घरच्यांनी संध्याकाळी वीस मिनिटे खाटेपाशी बसावे. तेवढे मात्र कोणतीही संघटना मिळवून देऊ शकत नाही. ते ज्याचे त्यानेच द्यावयाचे आहे.