झगा, दंड आणि सातविणीचे पान

पदवीदान समारंभाची मिरवणूक निघाली की त्या लांबलचक झग्यांकडे पाहून आपण विद्यार्थी गालातल्या गालात हसतो. आपल्या उकाड्यात हा पोशाख कशाला, हा प्रश्न मलाही पडला. आणि म्हणूनच या चिन्हांचे मूळ शोधावेसे वाटले.

मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांतील गुरुशिष्य बहुतांशी धर्मसंस्थेशी बांधलेले असत. थंडगार दगडी इमारतींत ते पायघोळ, जाड झगे वापरीत. पाठीवर रुळणारे 'हूड' हे मूळचे डोके झाकण्याचे वस्त्र. पुढे गरज सरली, खूण मात्र उरली. आज हूडच्या अस्तराचा रंग पदवी कोणती ते सांगतो. मिरवणुकीच्या अग्रभागी नेला जाणारा दंड हेही एके काळी शस्त्रच होते. आता तो विद्यापीठाच्या अधिकाराचे प्रतीक आहे.

परंतु या खुणांचे खरे मोल, त्या जेथे नाकारल्या गेल्या तेथे कळते. केंब्रिजमध्ये मुलींसाठी गर्टन कॉलेज १८६९ साली निघाले. मुली परीक्षा उत्तीर्ण होत, पण त्यांना पदवी मिळत नसे. १८९७ मध्ये त्यासंबंधीचा प्रस्ताव फेटाळला गेला. १९२१ मध्ये पदवीचे केवळ नाव मिळाले; विद्यापीठाचे सभासदत्व आणि झगा यांसाठी १९४८ साल उजाडावे लागले. आपल्या देशात मात्र कलकत्ता विद्यापीठाने १८८३ मध्येच कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू यांना बी. ए. ची पदवी दिली होती! झगा म्हणजे 'तू आमच्यातलाच एक' ही विद्यापीठाने दिलेली कबुली असते, हे यावरून ध्यानी येते.

मग ही कबुली परक्या पोशाखातूनच का द्यावी? रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत स्नातकाला सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा होती. सप्तपर्णी म्हणजे आपली सातवीण. तिच्या लाकडाच्या पाट्या करीत, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही 'स्कॉलॅरिस' हा विद्येशी नाते सांगणारा शब्द आला. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही समारंभासाठी हातमागाच्या कापडाचा पोशाख सुचविला.

पोशाख अवश्य बदलावा. मात्र ज्याच्या घरात पदवी प्रथमच येत आहे, त्याच्या आईला लेकाच्या अंगावरची ती खूण दुरूनही ओळखू यावी, एवढे मात्र पाहावे. झगा असो वा पान, तिच्या दृष्टीने तीच पदवी असते.