यंत्राची रांग, माणसाचा पहारा

टोरोंटोच्या शेअरबाजाराने १९७७ मध्ये काही शेअरांपुरते ग्राहक-विक्रेत्यांची सांगड घालण्याचे काम संगणकावर सोपविले. नियम दोनच : सरस भाव देणाऱ्यास अग्रक्रम; भाव समान असल्यास आधी आलेल्यास. मुंबईत राष्ट्रीय शेअरबाजाराने १९९४ मध्ये हीच रीत स्वीकारली व उपग्रहाद्वारे ती देशभर नेली. १९९५ मध्ये मुंबई शेअरबाजारानेही आपल्या ‘रिंग’मधील आरडाओरड सोडून पडद्याची वाट धरली. दलाल सांगेल त्या भावावर विसंबणाऱ्या लहान गावातील गुंतवणूकदारास खरा भाव कळू लागला, हे यंत्राचे श्रेय होय. परंतु मागणी खरी की कृत्रिम, हे यंत्र विचारीत नाही. २००१ च्या शेअर गैरव्यवहाराने तेच दाखवून दिले. सबब रांग यंत्राने लावावी. पहारा मात्र माणसानेच ठेविला पाहिजे.