सागाची पाने आणि दोन पतंग

पावसाळ्याच्या अखेरीस मेळघाट किंवा चंद्रपूरच्या सागवनातून जाणाऱ्यास एक दृश्य अनेकदा दिसते. रुंद पानांतील हिरवा भाग नाहीसा होऊन शिरांची तपकिरी जाळी तेवढी उरलेली असते आणि सारे वन करपल्यासारखे भासते. ही करणी यूटेक्टोना माकेरालिस या इवल्याशा पिवळसर पतंगाच्या अळ्यांची होय. शिरा सोडून मधला गर तेवढा त्या कुरतडतात.

सागावर जगणारा दुसरा पतंग म्हणजे हिब्लिया प्यूरा. हाही लहानच; पंख पसरल्यावर तीन ते चार सेंटीमीटर भरतो. त्याची मादी कोवळ्या पानांवर सरासरी ५०० अंडी घालते. अळी पानाची कड कापून दुमडते व त्या घडीत राहून खाते. मोठ्या शिरा वगळता पान फस्त झाले की ती रेशमी धाग्यावरून खाली उतरते आणि पाचोळ्याखाली कोषात जाते. ही धाड पावसाळ्याच्या प्रारंभी, नव्या पालवीवर पडते. झाडे निष्पर्ण होतात, परंतु मरत नाहीत. काही आठवड्यांत पुन्हा पालवी फुटते आणि काही घडलेच नाही, असे वाटते.

यांपैकी अधिक हानिकारक कोण? केरळातील निलंबूर येथे १८४० च्या दशकापासून सागाची लागवड होत आली आहे. तेथील तरुण लागवडीत के. एस. एस. नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिब्लियामुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. पानांची जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षणीय घट आढळली नाही. कारण उघड आहे. जून पानांचे वर्षाचे कार्य बव्हंशी संपलेले असते. कोवळ्या पानांचे नुकते सुरू होत असते. नवी पालवी फुटण्यासाठी झाडाला साठवलेले अन्न खर्चावे लागते, आणि तो काळ वाढीतून वजा होतो.

यावरून उपायाची दिशाही ठरते. जाळी दिसल्यावर केलेली फवारणी बहुधा व्यर्थ होय. लक्ष ठेवावयाचे ते पावसाळ्याच्या तोंडावर, प्रादुर्भावाच्या पहिल्या लहान पट्ट्यांवर. हिब्लियाच्या अळ्यांना निसर्गतःच एक विषाणुजन्य रोग होतो; केरळ वन संशोधन संस्थेने तोच विषाणू नियंत्रणासाठी वापरून पाहिला आहे. जी हानी डोळ्यांत भरते तीच मोठी असते असे नाही, हे सागाचे झाड आपल्याला दाखवून देते.